एक घर, एक चित्र : आपल्या कोजागरीच्या खेळाचा इतिहास

आपल्या सोसायटीत कोजागरीला जो खेळ होतो, त्याला पंचवीस वर्षांत एक पक्कं नाव मिळालेलं नाही. मोठी माणसं त्याला 'चित्रगोष्ट' म्हणतात, मुलं 'परातीचा खेळ' म्हणतात आणि इतिवृत्ताच्या वहीत तो दर वर्षी 'करमणुकीचा कार्यक्रम झाला' एवढ्या तीन शब्दांत उरकलेला आहे. वॉचमनच्या पगारावर आणि गच्चीच्या गळतीवर मात्र त्याच वहीत पानंच्या पानं आहेत. म्हणून स्मरणिकेसाठी 'सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असा निरोप आला तेव्हा ठरवलं, की प्लॉटचा, बांधकामाचा आणि बोअरचा इतिहास दुसरं कोणीतरी लिहील, आपण या खेळाचा लिहावा.

कारणही तसंच घडलं होतं. महोत्सवाच्या निमित्ताने ऑफिसला रंग द्यायचा म्हणून कपाट रिकामं केलं, तर वरच्या कप्प्यातून सुतळीने बांधलेले चित्रांचे गठ्ठे निघाले. कोरोनाचं वर्ष सोडलं तर झाडून सगळ्या कोजागरींची चित्रं. रद्दीवाला खाली उभाच होता. ठेवायची की द्यायची, यावर कमिटीत चांगला तासभर वाद झाला. "ठेवून करायचं काय?" असं विचारणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. निम्म्याहून जास्त चित्रं बघून कोणालाच काही उमगत नव्हतं. एका कागदावर नुसता गोल, त्यातून वर गेलेली रेघ. दुसऱ्यावर चष्मा घातलेली शेळी. याचा अर्थ काय लावायचा?

नवीन राहायला आलेल्यांसाठी आधी खेळ सांगतो. मसाला दूध आटायला ठेवलं की प्रत्येक घराला एक पाठकोरा कागद मिळतो. घरातल्या कोणीही एकाने पाच मिनिटांत त्यावर एक चित्र काढायचं. अक्षर लिहायचं नाही, नाव टाकायचं नाही. सगळे कागद परातीत उलटे ठेवायचे. मग चिठ्ठीवर ज्याचं नाव निघेल त्याने परातीतून चार कागद उचलायचे, सगळ्यांना फिरवून दाखवायचे आणि तिथल्या तिथे एक गोष्ट सुरू करायची. चारही चित्रं त्या गोष्टीत आली पाहिजेत. विचार करायला वेळ नाही. ऐकणाऱ्यांनी 'मग?' म्हणत राहायचं. 'मग?' थांबलं की सांगणाऱ्याने बसायचं. स्वतःचं चित्र हाती आलं तर परत टाकून दुसरं घ्यायचं. एवढेच नियम.

हे सुरू कसं झालं, ते पहिल्या वर्षीच्या माणसांना आठवतं. तेव्हा गच्चीच्या कठड्याला प्लास्टर नव्हतं आणि माणसांची एकमेकांशी ओळख नव्हती. कोणी बँकेत, कोणी एसटीत, कोणी शाळेत, कोणी एमआयडीसीत. कोणी पाथर्डीकडचं, कोणी पारनेरचं, कोणी जामखेडचं, दोन घरं थेट खानदेशातली. एकमेकांना सगळे फ्लॅटच्या नंबराने ओळखायचे. पहिल्या कोजागरीला अंताक्षरी झाली, ती 'ण'वर अडकली, आणि लाइट गेली. तेव्हा आठ नंबरच्या काकू उठल्या. त्या बालवाडी चालवायच्या. चित्र दाखवून गोष्ट सांगायची, हे त्यांचं रोजचंच काम. त्यांनी खाली जाऊन पाठकोरे कागद आणि मेणबत्त्या आणल्या आणि म्हणाल्या, "प्रत्येकाने काहीतरी काढा. चांगलं आलं पाहिजे असं नाही." तीच या खेळाची सुरुवात.

काकूंनी हा खेळ आयत्या वेळी उभा केला खरा, पण त्याचं मूळ आपल्या सगळ्यांच्या घरात होतं. दिव्याच्या अवसेला देवघरापाशी जिवतीचा कागद लावतात तो आठवा. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका असतात आणि खाली बुध-बृहस्पती असतात. महिनाभर तो कागद भिंतीवर राहतो आणि श्रावणात वारावाराने आजी त्यांच्या कहाण्या सांगते. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचे, पूजा करायची आणि मग कहाणी ऐकायची. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायचं. यातलं चित्र बहुधा घरातलीच बाई काढते आणि कहाणीही तीच सांगते. त्यात नागाचा फणा वाकडा आला म्हणून कोणी हसत नाही. आपल्या खेळात चित्रकला यावी लागत नाही, याचं मला कधी नवल वाटलं नाही ते त्यामुळेच.

घराबाहेरही ही रीत फार जुनी आहे. चित्र दाखवत कथा सांगणाऱ्याला 'चित्रकथक' म्हणत. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात हा शब्द येतो. पुढे मराठी मुलखात हेच काम करणारे लोक चित्रकथी म्हणून ओळखले गेले, आणि इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरांत गावोगाव फिरणारे लोक म्हणून त्यांची नोंद झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातल्या काही घरांनी ही कला अजून जिवंत ठेवली आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच, त्याला 'पोथी' म्हणतात. वाचायला अक्षरं नाहीत तरी पोथीच! सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो, गातो, मध्येच बोलण्यावर येतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. रामायण-महाभारतातलं आख्यान सगळ्यांना माहीत असतं, पण कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, कुठला संवाद वाढवायचा, हे समोरची माणसं बघून ठरतं. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ही माहिती बऱ्याच घरांत पोचली.

या कलेची दुसरी शाखा आपल्या अगदी शेजारची. तिला 'पैठणी चित्रं' म्हणतात. शेवगाव तालुक्याच्या टोकाला गोदावरी आडवी येते आणि पलीकडे पैठण. मोठाल्या डोळ्यांचे वीर, एकमेकांवर सुटलेले बाण, ठसठशीत लाल-पिवळे रंग. एकदा बघितलेली ही चित्रं विसरत नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे. तिथे मी ती निवांत उभं राहून पाहिली आहेत. काचेमागे ती उत्तम जपली आहेत. पण पिंगुळीत आणि पैठणी चित्रांत फरक पडला तो असा, की पिंगुळीला चित्रंही राहिली आणि सांगणारेही राहिले. पैठणी चित्रांची मात्र कागदं राहिली आणि ती हातात धरून रात्र जागवणारा आवाज गेला. वीर कोण हे अभ्यासक ओळखू शकतात, प्रसंग कोणता हेही सांगू शकतात. पण त्या चित्राशी आल्यावर सांगणारा कोणती कोटी करायचा आणि बायाबापड्या कुठे डोळ्याला पदर लावायच्या, ते आता कळायला मार्ग नाही.

आपल्या शहराच्या बाबतीतही असंच एक उदाहरण आहे, आणि तेही चित्रांचंच. हुसेन निजामशहा १५५३ ते १५६५ या काळात अहमदनगरच्या गादीवर होता. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य लिहिलं. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. त्यातल्या काही चित्रांत सुलतानाच्या शेजारी राणी खुंजा हुमायूँ बसलेली होती. म्हणजे चांदबिबीची आई. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी ती चांदबिबी. पुढे राणीचे दिवस फिरले. तिच्या मुलानेच तिला कैदेत टाकलं, आणि बहुतेक चित्रांतली तिची आकृती कोणीतरी पुसून टाकली. आज तिथे रंगाचा डाग दिसतो. नुसतं चित्र बघणाऱ्याला वाटेल, कागद खराब झाला असेल. त्या डागाच्या जागी राणी होती हे कळतं, कारण काव्यात तिचं वर्णन आहे आणि इतिहासात तिची हकीकत आहे.

चित्र आणि सांगणारा यांची जोडी पुढे यंत्राच्या काळातही टिकली. कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी १८९२ पासून 'शांभरिक खरोलिका' या नावाने दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, आणि बाजूला संवाद म्हणणारी, गाणी गाणारी जिवंत माणसं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' येण्याच्या वीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. ते यंत्र आणि पट्ट्या घरच्या लोकांनी जपल्या म्हणून आज माहीत तरी आहेत.

मुलांनी मला विचारलं होतं, की हा खेळ 'पिक्शनरी'वरून घेतलाय का? नाही. 'पिक्शनरी' अमेरिकेत सिअॅटलच्या रॉब एंजल यांनी १९८५ मध्ये बाजारात आणली. त्यात चित्र बघून शब्द ओळखायचा असतो. उत्तर एकच, आणि ओळखलं की चित्राचं काम संपलं. त्याआधी १९२५ च्या सुमारास पॅरिसमधले काही कवी-चित्रकार कागदाला घड्या घालून एक खेळ खेळायचे. एकाने डोकं काढायचं, कागद दुमडायचा, दुसऱ्याने न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. कागद उलगडला की विचित्र प्राणी समोर. गंमत तिथेच पूर्ण होते. आपल्या परातीत खरं काम त्यानंतर सुरू होतं. चार घरांनी एकमेकांना न विचारता काढलेल्या चार वस्तू एका माणसाने सांभाळायच्या असतात. यातलं एकही चित्र टाकून देता येत नाही. कोणाचं आहे ते माहीत नाही, म्हणून कोणाला लावून बोलताही येत नाही.

मला यात आपल्या जिल्ह्याचा सहकार दिसतो. उगाच ओढून-ताणून म्हणत नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. सहकारात शेअर कमी-जास्त असले तरी एका सभासदाला मत एकच. आपल्या सोसायटीच्या पोटनियमांतही तेच आहे. परातीतही तसंच. तीन बेडरूमच्या फ्लॅटला एक कागद आणि वॉचमनच्या खोलीलाही एक कागद. पहिल्या वर्षी वॉचमनच्या मुलीने काढलेला नांगर बँकेच्या साहेबांच्या गोष्टीत आला होता आणि साहेबांना तो चालवता येत नव्हता. त्या गोष्टीत त्यांचे बैल गच्चीवर चढले. साहेब आजही ते हसत सांगतात.

आता त्या गठ्ठ्यांकडे येतो. कमिटीने शेवटी असं ठरवलं, की रद्दीत द्यायच्या आधी एक रविवार चित्रं हॉलमध्ये सतरंजीवर मांडायची आणि ज्याला जे आठवेल ते त्याने कागदाच्या मागे लिहायचं. सकाळी दहाला मांडली. दुपारी जेवायला कोणी हलेना.

एका चित्रात हत्ती होता, पण चार चाकांचा. लहान पोरांना काही कळेना. २०१२-१३ च्या दुष्काळातलं ते चित्र. नळाला पाणी आठवड्याने यायचं आणि टँकरच्या फेऱ्या चालू होत्या. कोणीतरी टँकर काढला होता. त्याचा पाइप जरा लांबला आणि सोंडेसारखा दिसायला लागला. तीन नंबरमधल्या, एसटीतून रिटायर झालेल्या काकांच्या हाती तो आला, आणि त्यांनी हत्तीचीच गोष्ट लावली. हा हत्ती पाणी प्यायला नाही, पाजायला येतो, आणि हंडे घेऊन भांडणाऱ्यांना सोंडेने भिजवतो. त्या आठवड्यात खाली खरोखरच हंड्यांवरून भांडणं झाली होती. ऐकणारे आधी गप्प झाले, मग हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून रांग नीट लागली. तेव्हापासून आपल्याकडे टँकरला 'हत्ती' म्हणतात. "हत्ती आला, मोटर बंद करा," हे वाक्य नव्या भाडेकरूंना विचित्र वाटतं. ते कुठून आलं, ते त्या कागदावर आहे. म्हणजे कागदावर नव्हतं, त्या रविवारी मागच्या बाजूला लिहिल्यावर आलं.

मग ते गोल निघाले. गोल आणि त्यातून वर गेलेली रेघ. एक नाही, अकरा कागद, वेगवेगळ्या वर्षांचे. कोणी म्हणालं तवा आहे, कोणी म्हणालं भोवरा. पहिल्या मजल्यावरच्या ताई तेवढ्या ओळखू शकल्या. त्यांच्या सासऱ्यांनी ती काढलेली. आप्पा सभेत कधी बोलायचे नाहीत, पण कोजागरीला घरातला कागद तेच मागून घ्यायचे आणि दर वर्षी तेच काढायचे. सांगणारे त्याचं हवं ते करायचे. कधी तबकडी, कधी चंद्र, कधी सायकलचं चाक. आप्पा ऐकत बसायचे. एका वर्षी चिठ्ठी त्यांच्याच नावाची निघाली आणि परातीतून पहिला कागद त्यांचाच आला. नियमाप्रमाणे परत टाकायला हवा होता. त्यांनी टाकला नाही, आणि कोणी हटकलंही नाही.

ती विहीर होती. शेवगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावची, रेघ म्हणजे मोटेचा नाडा. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि नाथसागराच्या पाण्यात काठावरची जी गावं गेली, त्यांत ते गाव होतं. आप्पांनी तीन दुसरी चित्रं घेतली. एक छत्री, एक मांजर, एक क्रिकेटची बॅट. तिन्ही त्यांनी विहिरीच्या काठावर आणून बसवली. मांजर पाण्यात बघत बसते, पोरगा बॅटने चेंडू विहिरीत घालवतो आणि छत्रीवाला म्हातारा म्हणतो, राहू दे, पाणी आटलं की सापडेल. "मग?" असं पोरं म्हणत राहिली. आप्पा म्हणाले, "मग काय, पाणी अजून आटायचंय." आणि बसले.

त्या रात्री हजर असलेल्या सगळ्यांना हे आठवतं. नसलेल्यांसाठी तो अकरा वेळा काढलेला तवा आहे. आप्पा आता नाहीत. ताईंनी सांगितलं नसतं तर अकराही कागद रद्दीत गेले असते, आणि देणाऱ्याला कोणी बोल लावला नसता.

त्या रविवारी एक गोष्ट कमिटीतल्या दोन्ही बाजूंना पटली. नुसते गठ्ठे जपून उपयोग नाही, आणि नुसता खेळ खेळूनही पुरत नाही. ठराव असा झाला : ज्या चित्रांच्या मागे काही लिहिलं गेलं ती फाइलला लावायची. यंदापासून प्रत्येक गोष्टीनंतर एका मुलाने किंवा मुलीने चार कागदांच्या पाठीवर कोणी सांगितली आणि काय सांगितलं, ते पाच-सहा ओळींत लिहायचं. मोबाइलवर रेकॉर्डिंग करा अशीही सूचना होती. करायला हरकत नाही. पण फोन दोन-तीन वर्षांनी बदलतो, पाठकोरा कागद पंचवीस वर्षं टिकलेला आपण पाहिला आहे. यंदा खेळाऐवजी ऑर्केस्ट्रा ठेवावा असा एक प्रस्ताव आहे. माझं म्हणणं एवढंच, की ऑर्केस्ट्रा गणपतीत ठेवावा. कोजागरीची परात राहू द्यावी. आठ नंबरच्या काकूंच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांच्या धाकट्याने मागच्या वर्षी चार चित्रांत सात राक्षस आणले.

शेवटी एक काम. अजून बरीच चित्रं मुकी आहेत. ती ऑफिसच्या टेबलावर वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत. संध्याकाळी सात ते आठ ऑफिस उघडं असतं. पंख्याला लटकलेला मासा कोणाच्या गोष्टीत होता? रेल्वेचा एकच डबा, त्यात एकच खिडकी आणि तिच्यात दिवा, हे कोणत्या वर्षीचं? कुलूप लावलेला नारळ कोणी काढला? जुने सभासद पुण्याला, नाशिकला मुलांकडे गेले असतील तर त्यांना फोन करून विचारा. आणि ती चष्म्याची शेळी. तिच्या गोष्टीला सगळी गच्ची हसली होती हे पाच जणांना आठवतं, पण का हसली होती ते एकालाही सांगता येत नाही. ज्यांना येत असेल त्यांनी कृपया लवकर यावं.